बॉबिन संपेपर्यंत

आमच्या मंडळाच्या वार्षिक अहवालात पान नऊवर एक वाक्य आहे : 'मराठवाड्यातील दुष्काळग्रस्त नवी धानोरी या गावी मंडळाने पाठवलेल्या अकरा शिलाई मशिनांवर चौदा महिला स्वावलंबनाचे धडे गिरवीत आहेत.' हे वाक्य मी लिहिलं. अहवाल छापून आणि वाटून झाल्यावर ते खरं आहे का, हे बघायला मी गेलो. क्रम जरा उलटा झाला, पण आमच्या मंडळात कामं साधारण याच क्रमाने होतात.

मी चिपळूणचा. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये बावीस वर्षं नोकरी करतो, आणि या बावीस वर्षांत माझ्या साठ्यात एका नटाचीही तफावत निघालेली नाही. कॉलनीच्या मंडळाचं सचिवपद त्यामुळेच माझ्या गळ्यात पडलं. मशिनं पाठवताना सोबत नऊ नियमांचं पत्रही मीच पाठवलं होतं. ते दोन दिवस आधी पोचेल याची काळजी घेतली होती.

तपासणीला जायचं होतं एप्रिलात. एप्रिलात माझी दाढ ठणकायला लागली. मेमध्ये पुतणीचं लग्न निघालं. जुलैत पुराचं पाणी कॉलनीच्या फाटकापर्यंत आलं, आणि ते ओसरेपर्यंत गणपती. शेवटी सप्टेंबर संपता संपता निघालो. सौ. म्हणाली, "मोजमाप करून या, पण एखाद्या बाईशी बोलूनही या." मी पिशवीत मोजपट्टी ठेवली.

मंगळवार

प्रवास चौदा तासांचा. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की तो संपला. गाडीच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर होतं, कंडक्टरच्या तोंडात औरंगाबाद होतं, आणि उतरताना दोन्ही एकाच स्टँडवर आली. तिथून पैठणची एसटी धरली. चितेगावचे कारखाने मागे पडले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना बाजरी आणि कपाशी लागते. या वर्षी ती माझ्या गुडघ्यालाही लागत नव्हती. आमच्याकडे याच दिवसांत गवत कमरेपर्यंत असतं आणि त्याचं काय करावं हे कुणाला कळत नाही.

नवी धानोरी फाट्यापासून दोन किलोमीटर आत आहे. गावाला 'नवी' म्हणतात, कारण जुनी धानोरी जायकवाडीच्या पाण्याखाली गेली. धरणासाठी गाव उठून इथे आलं आणि इथे आता टँकरचं पाणी पितं. धरणाला अख्खं गाव देऊन बदल्यात टँकर घेणारी माणसं मी प्रथमच पाहिली. मी गेलो त्या दिवशी टँकर आला होता. हंडे रांगेत, बाया सावलीत, आणि कुठला हंडा कुणाचा याबद्दल एकही भांडण नाही. आमच्या कॉलनीत चोवीस तास पाणी असतं आणि पार्किंगवरून भांडणं होतात.

केंद्राच्या संचालिका प्रमिलाताई मला घ्यायला फाट्यावर आल्या होत्या. पन्नाशीच्या, ताठ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांच्या घरी गेल्यावर पहिला प्रश्न आला, "पाणी किती घेनार?" आमच्याकडे पाहुण्याला तांब्याभांडं देतात आणि विसरतात. मी सवयीने "आणा की" म्हणालो आणि अर्धा पेला ठेवला. प्रमिलाताईंनी तो उरलेला अर्धा पेला शेळीच्या पाटीत ओतला. पुढचे तीन दिवस मी पेला सांगून घेतला आणि संपवला.

जेवण झालं. बाजरीची भाकरी, येसर घातलेली आमटी आणि शेंगदाण्याचा ठेचा. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ. भाजी नसलेल्या दिवसांत आमटीला ते जाडी आणतं, आणि या गावात तसे दिवस पुष्कळ असतात. ठेच्याबद्दल मी गप्प बसतो. ठेच्यानेही मला बराच वेळ गप्प बसवलं.

मग केंद्र. समाजमंदिराची एक खोली. माझ्या पट्टीने अठरा फूट बाय बारा फूट. बाहेर प्रमाणपत्र वितरणाचा फलक, चौदा फूट बाय आठ. त्यावर अकरा पुढाऱ्यांचे चेहरे आणि एका कोपऱ्यात शिलाई मशीनचं चित्र. चित्रातल्या मशीनला पायाने चालवायचा पायटा होता. आम्ही मोटारीची मशिनं पाठवली होती.

"म्हणजे प्रशिक्षण संपलं?" मी विचारलं.

"मागल्या महिन्यातच. पाच म्हैन्यांचं हुतं. चौदाच्या चौदा पास," प्रमिलाताई म्हणाल्या आणि त्यांनी कुलूप काढलं.

आत भिंतीला लागून अकरा खोकी रचलेली होती. चिकटपट्टी शाबूत. प्रत्येकावर हळदीकुंकवाची पाच बोटं आणि वर प्लास्टिक. दाराशी मात्र एक जुनं, काळं, पायटा असलेलं मशीन, आणि त्यापुढे स्टुलावर बसलेले, शिवण शिकवणारे शेख मास्तर. सत्तरीचे, गळ्यात दोऱ्याचं रीळ अडकवलेले.

"खोकी उघडली का नाहीत?"

प्रमिलाताईंनी भिंतीकडे बोट केलं. तिथे माझं पत्र होतं, प्लास्टिकमध्ये मढवलेलं, देवाच्या तसबिरीच्या शेजारी. त्यांनी सहावा नियम मोठ्याने वाचला : "मंडळाच्या प्रतिनिधीने प्रत्यक्ष मोजणी करून सही करेपर्यंत साहित्याच्या मूळ स्थितीत कोणताही बदल होऊ नये." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आमी तीन येळा फोन केला, साहेब. तुमी म्हनले, येतोच. मग आमी वाट बघितली."

मी त्यांना म्हणालो की नियमाचा हेतू तसा नव्हता. त्या म्हणाल्या, "हेतू लिवलेला नाय त्यात."

बावीस वर्षं मी हेच वाक्य लोकांना ऐकवत आलोय.

"मग चौदा जणी शिकल्या कशावर?"

शेख मास्तरांनी काळ्या मशीनवर थाप मारली. "इसपेच साब. मेरे वालिद का है. मशीनां तुमारे, कायदा भी तुमारा. मैं क्या बोलूं?"

त्यांनी पद्धत समजावली. चौदा बायका, एक मशीन. घड्याळ लावलं तर भांडणं व्हायची. कुणाचा दोरा तुटायचा, कुणाचं पोर रडायचं. म्हणून मास्तरांनी पाळी दोऱ्यावर ठरवली. मशीनच्या पोटात खालच्या दोऱ्याची जी लहानशी चकती असते, ती बॉबिन. प्रत्येकीने आपली बॉबिन घरून भरून आणायची. ती संपेपर्यंत तिची पाळी. संपली की शिवण कुठेही असो, उठायचं आणि पुढचीला जागा द्यायची. पाच महिने असं चाललं आणि एकदाही तक्रार झाली नाही.

"एक मंगल सोडून," मागून एक बाई म्हणाली. आमचं बोलणं ऐकायला सात-आठजणी दारात जमल्या होत्या. "तिची बॉबिन बघा की. बाळसं धरलेली असती."

"भरनार मग," मंगल म्हणाली. "तुज्यावानी ढिली भरून सा टाक्यांत उठू का?"

ही मंगल सव्वीस-सत्तावीसची. नवरा लॉकडाऊनच्या साथीत गेला. मुलगी चौथीत. मंगल रात्रीच्या भाकऱ्या झाल्या की बॉबिन घट्ट, ओढून ओढून भरायची, म्हणजे पाळी चार-पाच मिनिटं लांबायची. चौदाजणींत नोकरीच्या परीक्षेला जाणारी ती एकटीच होती. बाकी तेराजणींच्या घरच्यांनी प्रमाणपत्र काचेत लावायला परवानगी दिली होती; वाळूजला जायला नाही.

परीक्षा गुरुवारी होती. वाळूजला गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणारा एक कारखाना आहे, तिथे. मंगलला मी विचारलं, नाही जमलं तर काय?

"तर कोयता," ती म्हणाली. "दीर दसऱ्याला ऊसतोडीचा ट्रक भरनार हाय. जोडी असली तर एक कोयता. मी एकली म्हंजी अर्धा कोयता. दिराच्या पोराबरुबर मला जोडायची हाय. पोरगी मागं ठेवायला कुनी नाय, म्हंजी तीबी उसात. सा म्हैने शाळा नाय."

तिने हे माझ्याकडे न बघता सांगितलं. सांगताना ती एका खोक्यावरची धूळ पदराने पुसत होती.

मी खोकी मोजली. अकरा. सही केली. मग सगळ्यांनी मिळून पहिलं खोकं फोडलं, मशीन टेबलावर ठेवलं, वायर जोडली, आणि लाईट गेली.

बुधवार

लाईट सकाळी नऊला आली. अकरापर्यंत राहील असं गावाने सांगितलं. मंगल मोटारीच्या मशीनवर बसली आणि पायट्याच्या सवयीने पायाचा पूर्ण भार दिला. मशीन जे सुटलं ते कापड ओलांडून तिच्या पदरावरून शिवत गेलं. बायका हसल्या. मास्तर म्हणाले, "आहिस्ता बेटी, ये बैल नै, घोडा है." दुसऱ्यांदा तिने भीतभीत पाय लावला, तर मशीन जागचं हलेना. दहाव्या-बाराव्या वेळेला तिला अंदाज आला. साडेदहाला तिने सरळ शिवण घातली. मी पट्टी लावली. दोन फुटांत कुठेही एक मिलिमीटर इकडे-तिकडे नाही. मी पट्टी उलटी धरून पुन्हा मोजलं. अकराला लाईट गेली. पाच महिन्यांचं प्रशिक्षण आणि दोन तासांचा सराव.

लाईट चारला येणार होती म्हणून मास्तरांनी मला पैठणला नेलं. नाथांच्या समाधीशी गर्दी होती. गोदावरीत पाणी होतं आणि ते बघून मला उगाचच आपल्या घरी आल्यासारखं वाटलं. नंतर एका घरात पैठणी विणणारी बाई पाहिली. पदरावरचा मोर ती धागे मोजून विणत होती. एकेका पिसाचे किती, हे तिला तोंडपाठ. मी विचारत गेलो, ती सांगत गेली, आणि मला प्रवासात प्रथमच आपल्या माणसात आल्यासारखं झालं. तिथे मी चाळीस मिनिटं बसलो. तेवढ्यात तिचा धागा तीनदा संपला. तिन्ही वेळा तिने बसल्या जागी, बोट ओलं करून नवा धागा जोडला. हे मी पाहिलं, वहीत लिहिलंही, आणि त्यातून काडीचाही बोध घेतला नाही.

परत आलो तर लाईट चारला नाही, सहाला आली. मंगल तेव्हा टँकरच्या रांगेत होती. ती आली तेव्हा लाईट पुन्हा गेली होती.

गुरुवार

फाट्यावरून रिक्षाने चितेगाव, तिथून शिफ्टची बस. बसमध्ये चाळीस पुरुष, सहा बायका. प्रमिलाताई सोबत होत्या. त्यांनी केंद्राची किल्ली आणि माझं मढवलेलं पत्र, दोन्ही बरोबर घेतलं होतं. न जाणो कुणी विचारलं तर. मंगलने प्रमाणपत्र काचेच्या फ्रेमसकट आणलं होतं आणि ते मांडीवर धरून बसली होती.

कारखान्याच्या फाटकावर माझ्या खिशाला 'अभ्यागत' असा बिल्ला लावला आणि परीक्षेच्या खोलीत कोपऱ्यात बसू दिलं. आठ उमेदवार, आठ मशिनं. निळ्या कोटातली एक सुपरवायझर बाई. काम वीस मिनिटांचं : जाड कापडाचे चार तुकडे जोडायचे, दोन सरळ शिवणी, एक गोल. दोऱ्याची नासाडी नको म्हणून परीक्षेच्या मशिनांना अर्ध्या उरलेल्या बॉबिनी लावलेल्या. काटकसर मला मनापासून पटली.

मंगलने सुरुवात छान केली. शेजारच्या मुलीचं कापड वाकडं जात होतं. एकीची सुई मोडली. मंगलच्या दोन्ही सरळ शिवणी सातव्या मिनिटाला झाल्या. मी घड्याळ बघत होतो. गोल शिवण अर्धी झाली, अकरावं मिनिट चालू होतं, आणि तिची बॉबिन संपली.

मंगल थांबली. तिने सुई वर केली, पाय काढला, कापडाचे धागे झटकले, आणि उठून बाजूला उभी राहिली. मागे कुणी नव्हतं. तरी तिने स्टूल जरा मागे सरकवून ठेवलं, पुढचीला बसायला सोपं जावं म्हणून.

सुपरवायझर बाईंनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. "झालं?"

"बॉबिन संपली," मंगल म्हणाली.

"मग?"

मंगलला हा प्रश्न कळला नाही. बाईंना उत्तर कळलं नाही. त्या खोलीत दोघींचंही कळणारा माणूस एकच होता. मी उठून म्हणालो, "मॅडम, त्यांच्या केंद्रात..."

"काका, परीक्षा चालू असताना मध्ये बोलायचं नाही. नियम आहे."

नियम आहे म्हटल्यावर मी बसलो. बावीस वर्षांची सवय. मंगल नऊ मिनिटं भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्यासमोर रिकामं मशीन होतं. वेळ संपल्यावर बाईंनी कागदावर खूण केली : 'काम अर्धवट सोडले.' हो आणि नाही, असे दोनच रकाने होते. मी असतो तर मीही तसेच दोन आखले असते.

मग मी सगळं सांगितलं. एक मशीन, चौदा बायका, खोकी. खोक्यांचं सांगताना मी 'काही तांत्रिक कारणाने' असा शब्द वापरला. वेळ संपल्यावर आत आलेल्या प्रमिलाताईंनी लगेच पिशवीतून पत्र काढलं आणि तांत्रिक कारण बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते वाचलं. नंतर मंगलची शिवण उचलून उजेडात धरली, नखाने ताणून पाहिली.

"हात चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण खूण झाली ती झाली. पंधरा दिवसांनी पुढची परीक्षा आहे. तेव्हा या." आणि पत्र माझ्याकडे देऊन, "ही तुमची सही का?"

परतीच्या बसमध्ये मंगलने प्रमाणपत्राची फ्रेम मांडीवर उपडी ठेवली. मग म्हणाली, "काका, तिथं बॉबिन संपल्यावर काय करायचं असतं?"

"दुसरी घालायची."

"आन पुन्ना आपुनच बसायचं?"

"हो."

"मग बाकीच्या बाया?"

"त्यांना त्यांची त्यांची मशिनं असतात."

"आमालाबी हुती की," ती म्हणाली.

प्रमिलाताई खिडकीबाहेर बघायला लागल्या. माझ्या बाजूला खिडकी नव्हती.

शुक्रवार

पंधरा दिवसांनी परीक्षा, त्यानंतर तीन दिवसांनी दसरा, आणि दसऱ्याला ट्रक. केंद्रातली लाईट गावाच्या मर्जीची. मंगलच्या वस्तीवरची लाईट वेगळ्या लाईनवरची. ती रात्री दहाला येते आणि पहाटेपर्यंत राहते. तेव्हा मशिनं समाजमंदिरात कुलपाआड असतात, कारण नियम तीन : सूर्यास्तानंतर केंद्र बंद ठेवावे. तोही माझाच.

सकाळी मी प्रमिलाताईंना म्हणालो, "एक मशीन मंगलच्या घरी पोचवायचं."

"केंद्राबाहेर?"

"हो."

"नियम चार बघा, साहेब. साहित्य केंद्राबाहेर नेऊ नये."

"माहीत आहे."

"मोजनीत कमी भरंल."

"भरू दे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग नोंदवही पुढे केली. "आधी लिवा. तुमी लिवल्याबिगर मी हात लावू देनार नाय." मला त्या फार आवडल्या. आमच्या स्टोअरला अशा बाईची गरज आहे.

मी लिहिलं : मिळाली अकरा, केंद्रात हजर दहा. खाली सही केली. बाकी दहाही खोकी फोडायला लावली, आणि पुन्हा भिंतीवर लावलेलं माझं पत्र प्रमिलाताईंनी मला न विचारता उतरवून कपाटात ठेवलं. मशीन हातगाडीवरून निघालं. मंगल एका हाताने ते धरून चालत होती, दुसऱ्या हातात माझी मोजपट्टी. ती मी तिला दिली नव्हती. मागून घेतली होती तिने. "पुन्ना येताल तवा न्या," म्हणाली.

एसटीला अजून तास होता. मास्तरांनी चहा पाजला. विचारलं, "साब, अब बॉबिन का कायदा रखूं के निकालूं?"

"दहा मशिनं आहेत आता," मी म्हणालो. "काढा."

"आदत पड गई है लोगां को," ते म्हणाले. "निकालने को टैम लगता."

घरी आल्यावर सौ.ने विचारलं, "बोललात का कुणाशी?" मी म्हणालो, बोललो, पण मी बोललो त्यापेक्षा त्या जास्त बोलल्या. मोजपट्टी कुठे आहे, हे तिने विचारलं नाही.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी मी केंद्राला फोन केला. कारण कागदोपत्री साठ्याची पडताळणी. प्रमिलाताईंनी कागदोपत्री उत्तर दिलं, "दहा हायेत." मग म्हणाल्या, "ट्रक गेला. मंगल नाय गेली. सकाळच्या शिफ्टला असती ती. थांबा, आज सुट्टी हाय तिची, इथंच बसलीये पोरींना शिकवीत."

मंगल फोनवर आली. मी काम कसं आहे विचारलं. म्हणाली, उभ्या उभ्या जेवावं लागतं, सुपरवायझर लई बोलती, पाय सुजत्यात. मग आवाज जरा उतरवून म्हणाली, "पर काका, तिथं बॉबिन संपली की एक बाई येती आन बसल्या जागी दुसरी देऊन जाती. कुनी उठ म्हनत नाय. पयल्या दिवशी मी दोनदा उठले. आता नाय उठत."

इकडे मंडळाच्या बैठकीत अकराव्या मशीनचा विषय निघाला. तफावत आढळल्यास सचिवांकडून सात दिवसांत लेखी खुलासा घ्यावा, हा नियम नऊ. आज सहावा दिवस आहे. खुलाशाचा छापील नमुना मीच तयार केला होता, आणि त्यात 'तफावतीचे कारण' या रकान्याला मी दीड इंच जागा ठेवली होती. त्यात हे सगळं बसेना, म्हणून वेगळे कागद जोडले आहेत.